1 ओहमवर जोडलं की बेस दुप्पट? हिशेब करून बघा

कारमध्ये सबवूफर बसवायला निघालेल्या प्रत्येकाला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच: "सब कायम 1 ओहमवर जोड. ओहम अर्धे झाले की पॉवर दुप्पट, बेस दुप्पट. अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये गेला तर गेन कमी कर. आणि अ‍ॅम्प सबपेक्षा कमी वॉटचा घे, म्हणजे सब जळणार नाही." (ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, अ‍ॅम्प म्हणजे सबला पॉवर देणारा अ‍ॅम्प्लिफायर, आणि प्रोटेक्ट म्हणजे त्याने स्वतःला वाचवायला बंद होणं.) यातलं एकच वाक्य निम्मं खरं आहे, ते आधी घेऊ.

ओहम अर्धे केले की पॉवर दुप्पट, हे व्होल्टेज तेवढंच टिकलं तर. प्रत्यक्षात करंट वाढला की अ‍ॅम्पचा सप्लाय दबतो आणि दुप्पट आकडा क्वचितच गाठला जातो. काही अ‍ॅम्पचा सप्लाय रेग्युलेटेड असतो, ते 1.5 ते 4 ओहमपर्यंत सारखीच पॉवर देतात. त्यांना कमी ओहमवर ओढून उष्णता वाढते, बाकी काही नाही.

बरं, झाली दुप्पट. मग किती वाढलं? 3 डेसिबल. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. सबच्या बॉक्सचं माप चुकलं तर 3 डेसिबल तिथेच जातात. शिवाय 1000 वॉटला 4 ओहमवर स्पीकर वायरमधून सुमारे 16 अँपिअर जातात, 1 ओहमवर 32. वायर आणि जोड मिळून 0.05 ओहम धरले, तर 4 ओहमवर जेमतेम सव्वा टक्का पॉवर वाया जाते, 1 ओहमवर जवळपास 5 टक्के.

"कायम 1 ओहमवर" हे तर कॉइल न बघताच सांगितलेलं. ड्युअल 4 ओहमचा, म्हणजे 4-4 ओहमच्या दोन कॉइलचा, एकच सब असेल तर पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) 2 येतात, सिरीजमध्ये (एकामागे एक) 8; 1 ओहम येतच नाही. दोन ड्युअल 4 असतील तर चारही कॉइल पॅरलल केल्या की 1, प्रत्येक सबच्या कॉइल सिरीजमध्ये आणि दोन्ही सब पॅरललमध्ये केले की 4. दोन ड्युअल 2 मात्र सरसकट पॅरलल केले तर 0.5 ओहम, आणि अ‍ॅम्प उडतात ते इथेच. त्यांना प्रत्येकी सिरीज करून मग पॅरलल करा, 2 ओहम मिळतात. ब्रिज, म्हणजे दोन चॅनल मिळून एकच लोड, करणार असाल तर प्रत्येक चॅनलला निम्मेच ओहम दिसतात. स्टिरिओत 2 ओहमला चालणारा अ‍ॅम्प ब्रिजमध्ये 4 च्या खाली नेऊ नका.

अ‍ॅम्पला वायर लावण्याआधी मल्टिमीटर लावा. 2 ओहमची जोडणी 1.7 च्या आसपास दाखवेल, कारण मीटर नुसता डीसी रेझिस्टन्स मोजतो. पण एक कॉइल उलटी लागली असेल तर ती मीटरला कळत नाही. त्यासाठी जोडणीच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: प्लसला प्लस असताना सगळे कोन बाहेर यायला हवेत. एखादा कोन हललाच नाही तर त्याच्या दोन कॉइल एकमेकींविरुद्ध लागल्यात.

प्रोटेक्टवर गेन हा उपाय म्हणजे आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. गेन हा हेड युनिटच्या (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टिमच्या) सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायचा स्क्रू. त्याने लोडचे ओहम बदलत नाहीत. आधी जोडणी, अर्थिंगची वायर आणि बॅटरीचं व्होल्टेज बघा.

राहिला छोट्या अ‍ॅम्पचा सुरक्षितपणा. सबची कॉइल बहुतेकदा उष्णतेने जळते. 300 वॉटचा अ‍ॅम्प पार क्लिप होईपर्यंत (सिग्नलची शिखरं कापली जाईपर्यंत) ताणला की साइन वेव्हची जवळपास स्क्वेअर वेव्ह होते, आणि तितक्याच शिखराच्या स्क्वेअर वेव्हमध्ये पॉवर दुप्पट असते. म्हणजे 500 आरएमएसच्या (सतत 500 वॉट झेलणाऱ्या) सबवर सुमारे 600 वॉट, तेही अखंड. उलट 1000 वॉटचा अ‍ॅम्प त्याच सबवर नीट चालतो, गेन मोजून लावला तर. 500 वॉट आणि 2 ओहम यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ 31.6. सब काढून ठेवा, 50 हर्ट्झचा टोन लावा, आउटपुटवर 31.6 व्होल्ट एसी दिसले की थांबा. हे करताना बेस बूस्ट शून्यावर हवा, आणि नंतरही तिथेच. 6 डेसिबल वाढवला की मागणी चौपट होते आणि सगळं मोजमाप पाण्यात जातं.