वडगाव तलवारीने नाही, वैरणीने जिंकलं

आज सकाळपासून तोच फॉरवर्ड तीनदा आलाय. वडगाव मावळ, जानेवारी १७७९, 'पन्नास हजार गोरे उभे कापले', खाली तलवारीचा फोटो. अरे, मुंबईहून निघालेली कंपनीची सगळी फौज मिळून ३,९०० च्या घरात होती. त्यात गोरे सहाशेच्या आसपास, बाकी देशी शिपाई आणि तोफांवरचे खलाशी. पन्नास हजार आणले कुठून?

आणि तळेगावच्या तळ्याची गोष्ट यात कुठेच नाही. ११ जानेवारीच्या रात्री अकराच्या सुमारास इंग्रजांनी आपल्या जड तोफा आपल्याच हातांनी त्या तळ्यात ढकलल्या, सामानसुमान पेटवलं आणि अंधारात मागे फिरले. पुणं अठरा मैलांवर राहिलं होतं! नाना आणि महादजींना मानता ना? मग त्यांनी खरोखर काय केलं तेही बघा की जरा.

या फौजेबरोबर बैल होते १९,००० च्या आसपास. तोफा ओढायला, दारूगोळा, धान्य, तंबू वाहायला. चार-चारच्या ओळी धरा, एका ओळीला मधल्या जागेसकट तीन मीटर द्या, तरी रांग चौदा किलोमीटर होते. खंडाळा ते कार्ला आठ मैल, म्हणजे तेरा किलोमीटर. पहिला बैल कार्ल्यात पोचला तरी शेवटचा खंडाळ्यातून हललेलाच नसणार. त्यामुळे फौजेचे दोन भाग केले होते. एक पुढे सरकायचा, थांबायचा, मग दुसरा त्याला येऊन मिळायचा. त्या आठ मैलांना अकरा दिवस लागले. अकरा दिवस! कार्ल्याच्या यात्रेला निघालेली म्हातारी माणसंसुद्धा याहून लवकर पोचतात.

आता चारा. कामाच्या बैलाला दिवसाला सहा-सात किलो सुका चारा धरा. १९,००० बैलांना रोज सव्वाशे टनांच्या आसपास झाला. तो पनवेलहून घाट चढवून आणायचा म्हटलं तर त्याला आणखी बैल लागणार, आणि ते वाटेत खात खातच येणार. म्हणजे चारा वाटेवरच्या गावांतून उचलायला हवा. नेमका तोच आपल्या लोकांनी ठेवला नाही. गावं उठवली, चारा जाळला. भिवराव पानशांच्या तोफा लांबूनच त्रास देत होत्या आणि घोडेस्वार मागे कोकणाकडची वाट तोडत होते. चाऱ्यासाठी बाहेर पडलेली टोळी परत येईल याची खात्री नाही. बैल उपाशी राहिला की पहिल्यांदा अडते ती जड तोफ. शिपाई एक दिवस पोट बांधून चालेल, बैल मटकन बसतो. म्हणून ९ तारखेला तळेगावात पोचलेली तोफ ११ ला तळ्यात गेली.

हो, माणसांपुरतं धान्य अजून अठरा दिवसांचं शिल्लक होतं, हे मान्य. फौजेचं डोकंही ठिकाणावर नव्हतं. सेनापती एगर्टन आजारी पडला, मग सूत्रं कॉकबर्नकडे गेली. पुण्याची खडान्‌खडा माहिती असलेला मॉस्टिन १ जानेवारीलाच वारला. वर मुंबई कौन्सिलचा कार्नाक कमिटीत बसून लढाई चालवणार. ज्या रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवायला हा खटाटोप, ते म्हणत होते की सरदार येऊन मिळतील. एकही आला नाही. पण पुढे चिंचवडही जळणार आणि वेळ पडली तर पुणंसुद्धा, ही बातमी इंग्रजांच्या कानावर होती. जळकं पुणं घेऊन बैलांना खायला काय घालणार होते?

लढाई झालीच नाही असं मी म्हणत नाही, उगाच अंगावर येऊ नका. कॅप्टन स्टुअर्ट ४ तारखेला कार्ल्यात तोफेच्या गोळ्याने पडला. त्याला आपल्याच लोकांनी 'इष्टुर फाकडा' म्हटलं. शत्रूच्या शौर्याला नाव देणारी माणसं होती ती, फॉरवर्डवाली नव्हती. १२ तारखेला इंग्रजांच्या कॅप्टन हार्टलेच्या शिपायांनी पिछाडी चिवटपणे सांभाळली, हेही सांगायला हवं. पण तोवर ते वडगावात कोंडले गेले होते, आणि मोठ्या तोफा मागे पाण्यात होत्या.

तहात मुंबईलगतच्या साष्टी बेटासकट १७७३ पासून घेतलेलं सगळं परत द्यायचं ठरलं. मुंबई-कलकत्त्याने तो तह झिडकारला आणि १७८२ ला सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. हे लिहिताना हात जड होतो, पण आहे ते आहे. मधे १७८१ मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्ड त्याच बोरघाटाने वर आला होता. हरिपंत फडके, परशुरामभाऊ आणि तुकोजी होळकरांनी पुन्हा रसदीवरच हात घातला आणि त्याला पनवेलकडे परत पाठवलं. म्हणजे वडगाव हा योगायोग नव्हता.

सकाळपासून चिडून लिहितोय, पण एका गोष्टीशी थांबावं लागतं. डिसेंबर म्हणजे मावळात भाताची झोडणी उरकून पेंढ्याच्या उडव्या नुकत्याच रचलेल्या असतात. तोच पेंढा पुढे जूनपर्यंत, गवत उगवेपर्यंत पुरवायचा असतो. तो पेटवायला लावला तेव्हा त्या घरच्या बैलांचं पुढचे पाच महिने काय झालं असेल? कुणाचं औत पावसाळ्यात उभं राहिलं असेल? तळ्यातल्या तोफांची किंमत कुणी मोजली असेल तर या घरांनी. त्यांची नावं कुठल्याही तहात नाहीत.

असो. फॉरवर्ड चौथ्यांदा आला. या वेळी 'एक लाख' झालेत.