फॉरेक्स दोघांच्या नावावर घ्या

मे महिन्यातल्या युरोप टूरची बुकिंग झाली की ठाण्यात आणि वाशीत मनी चेंजरकडे गर्दी सुरू होते. त्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. नवरा-बायको दोघं जाणार असाल तर करन्सी (परदेशी नोटा) आणि फॉरेक्स कार्ड (आधी परदेशी चलन भरून ठेवलेलं कार्ड) दोघांच्या नावावर घ्या, वेगवेगळं घ्या. सगळं एकाच्या नावावर, एकाच्या पाकिटात आणि एकाच्या फोनवर ठेवून देश सोडू नका.

ठाण्यातल्या एका बँकेत फॉरेक्सच्या टेबलावर मी बरीच वर्षं काम केलं. समोर जोडपी यायची. पासपोर्ट दोन, तिकिटं दोन, व्हिसा दोन, फॉर्म मात्र एक. साहेब पुढे होऊन रेट विचारायचे, सही करायचे, पिनचं पाकीट खिशात घालायचे. बाई शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या. "मॅडमचं वेगळं कार्ड करायचं का?" असं विचारलं की दोघंही एकदम म्हणायची, "कशाला? बरोबरच तर असतो आम्ही." यात शिकलेल्या आणि न शिकलेल्या असा फरक नव्हता. मुख्याध्यापिका असायच्या, स्वतःचं क्लिनिक असलेल्या डॉक्टर असायच्या, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये मोठी टीम सांभाळणाऱ्या मुलीही असायच्या. घराच्या कर्जाचे हप्ते स्वतःच्या पगारातून भरणाऱ्या बायका परदेशातल्या खर्चाचा विषय निघाला की गप्प व्हायच्या.

तिथे गेल्यावर याचा अर्थ काय होतो बघा. युरोपात हायवेवरच्या थांब्यांवर आणि स्टेशनांवर टॉयलेटला बहुतेक वेळा पैसे पडतात, पन्नास सेंट, कुठे एक युरो. बस थांबते, वीस मिनिटं मिळतात. पंचावन्न-साठ वर्षांची बाई आधी नवऱ्याला शोधते, मग नाणं मागते, मग रांगेत उभी राहते. तो तेवढ्यात फोटो काढायला लांब गेलेला असतो. घरी चार माणसांचा संसार चालवणाऱ्या बाईने एवढ्यासाठी हात पुढे करायचा? मला हे फार लागतं. कॉफी प्यावीशी वाटली, मैत्रिणीसाठी फ्रिज मॅग्नेट घ्यावंसं वाटलं, पाय दुखतात म्हणून ट्रामने परत जावंसं वाटलं, प्रत्येक वेळी विचारायचं. मग हळूहळू ती विचारणंच सोडते आणि "मला काही नको" म्हणते. ते आपण खरं मानतो.

आणि प्रश्न फक्त मनाचा नाही. नौपाड्यातल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या मिस्टरांना व्हिएन्नात चक्कर आली, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. ग्रुपला पुढे जावंच लागलं. विम्याने हॉस्पिटलचं बिल बघितलं, पण हॉटेल ते हॉस्पिटल टॅक्सी, जेवण, फोनचा रिचार्ज, हे कशातून करायचं? कार्ड मिस्टरांच्या नावावर, पिन त्यांच्या डोक्यात, अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये. बसमधल्या एका बाईंनी जाताना हातात काही युरो ठेवले म्हणून निभावलं. काकू हुशार आहेत, इंग्रजी बोलतात. त्यांच्याकडे फक्त पैसे नव्हते.

आता नियम बघू. रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना (परदेशातल्या खर्चासाठी माणसाला किती परकीय चलन घेता येतं ते ठरवणारी) २००४ मध्ये सुरू झाली तेव्हा वर्षाला २५,००० डॉलरची मर्यादा होती. आज ती एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर आहे, आणि ती माणशी आहे. गृहिणीलाही आहे, अल्पवयीन मुलालाही आहे. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या किमतीच्या नोटा घेता येतात, त्याही माणशी. पॅन मात्र प्रत्येकाचं लागतं. बायकोचं पॅन कार्ड नसेल तर ते आजच काढायला टाका, तिकिटाची वाट बघू नका.

"दोन बिलं केली की टॅक्स जास्त" असं काउंटरवर ऐकायला मिळतं. हिशोब करूनच टाकू. करन्सीवरचा जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. बहुतेक ठिकाणी एक लाखापर्यंतच्या खरेदीत रकमेचा १ टक्का ही सेवेची किंमत धरतात, त्यावर १८ टक्के. म्हणजे एक लाखाला १८० रुपये. एक लाखाच्या वर दहा लाखांपर्यंत ती किंमत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का. एकाच नावावर दोन लाखांचे युरो घेतलेत तर कर २७० रुपये. दोघांच्या नावावर एक-एक लाखाचे घेतलेत तर ३६०. फरक नव्वद रुपयांचा. दुसऱ्या कार्डाची फी धरली तरी एवढ्या मोठ्या ट्रिपच्या खर्चात हा आकडा कुठे दिसणारही नाही. मोठा खर्च असेल तर उलट फायदाच आहे. १ एप्रिल २०२५ पासून स्वतःच्या प्रवासासाठी घेतलेल्या चलनावर वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस (खरेदीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) नाही, त्यापुढच्या रकमेवर २० टक्के कापला जातो. ही दहा लाखांची सवलतही प्रत्येकाला स्वतंत्र आहे. (टूर पॅकेजवरच्या टीसीएसचे नियम वेगळे, ते टूर कंपनीकडून समजून घ्या.)

काउंटरवर जाताना तिलाच पुढे बसवा. ए-२ फॉर्म, म्हणजे परकीय चलन घेताना भरायचा अर्ज, तिने स्वतः वाचावा, रक्कम आणि कारण बघावं, मग सही करावी. "झिरो कमिशन" या पाटीला काही अर्थ नसतो, कारण नफा रेटमध्येच धरलेला असतो. तिने एकच प्रश्न विचारावा: "माझ्या हातात ५०० युरो यायला सगळं धरून किती रुपये द्यायचे?" हाच प्रश्न दोन-तीन ठिकाणी विचारला की कोण स्वस्त आणि कोण महाग ते कळतं. हे काम प्रवासाआधी ६० दिवसांपासून करता येतं, तेव्हा विमानतळावरच्या काउंटरवर शेवटच्या क्षणी घाई करायचं कारण नाही, तिथला रेट सहसा महागच पडतो. पन्नास हजारांच्या आतले व्यवहार रोख रुपयांत होतात, त्यापुढे चेक किंवा खात्यातूनच. तिच्या स्वतःच्या खात्यातून गेले तर सगळ्यात सरळ.

आणि पावती घ्या. ओळखीतला कोणीतरी "बिलाशिवाय स्वस्तात देतो" म्हणतो, त्याच्याकडून अजिबात घेऊ नका. ते बेकायदा आहे आणि नोट खोटी निघाली तर दाद मागायला जागा उरत नाही.

एक गोष्ट मला विशेष खटकते. नवीन कोऱ्या नोटा साहेबांच्या पाकिटात आणि कपाटात मागच्या ट्रिपमधून उरलेल्या जुन्या नोटा बाईंच्या पर्समध्ये, "तुला लागल्या तर असू देत" म्हणून. इंग्लंडच्या २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत. बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते, पण लंडनच्या दुकानात सुवेनियर घेताना ती बाई काउंटरवर तोंडघशी पडते. देताय तर चालणारे पैसे द्या.

"हिला मशीन जमत नाही" हे कारण मला मान्य नाही. शिकवायला एक संध्याकाळ पुरते. फॉरेक्स कार्ड भारतात चालत नाही, त्यामुळे त्याची तालीम इथे होत नाही. पण तिचं स्वतःचं डेबिट कार्ड घेऊन राम मारुती रोडवरच्या एखाद्या दुकानात चार वेळा तिला पिन टाकू दे, एटीएममधून पैसे काढू दे. बोटांना सवय होते. परदेशात मशीनवर "रुपये की युरो?" असं विचारलं तर नेहमी तिथलंच चलन निवडायचं, रुपये निवडले की मशीनवाला त्याच्या रेटने रूपांतर करून जास्त पैसे लावतो, हे तिला समजावून सांगा. कार्डाचं अ‍ॅप तिच्या फोनमध्ये, लॉगिन तिचं, हेल्पलाइनचा नंबर तिच्या डायरीत. दोघांची कार्डं एका बॅगेत ठेवायची नाहीत.

मुलाकडे अमेरिकेला किंवा मुलीकडे लंडनला जाणाऱ्या आयांसाठीही हेच. "तिथे मुलगा आहे ना, कशाला डॉलर?" असं म्हणून आईला रिकाम्या हाताने पाठवतात. ती तिथे काही महिने स्वयंपाक करणार, नातवंडं सांभाळणार, आणि दुकानात गेल्यावर सुनेच्या किंवा जावयाच्या तोंडाकडे बघणार. मुलं कितीही चांगली असली तरी मागताना अवघड वाटतंच. आयुष्यभर जिने पैसा राखून वापरला तिच्या कार्डावर तीन-चारशे डॉलर तिच्या नावाने असायला काय हरकत आहे? नातवाच्या वाढदिवसाला तिला स्वतःच्या पैशांनी काहीतरी घ्यावंसं वाटेल.

बायकांनाही सांगते, "यांनाच कळतं त्यातलं" म्हणणं आता सोडा. कळण्यासारखं फार थोडं आहे. मी तेच काम करत होते, आणि माझ्या टेबलाशी ज्या बाया एकदा स्वतः फॉर्म भरून गेल्या, त्या पुढच्या ट्रिपच्या वेळी एकट्याच येऊन रेटवरून माझ्याशी भांडायच्या. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं.

परत आल्यावर तिच्या कार्डावर जे उरेल ते तिच्याच खात्यात रुपये करून घ्या. नोटा उरल्या तर १८० दिवसांच्या आत परत द्यायच्या असतात, फक्त २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवायची परवानगी आहे. खरेदीची पावती तोपर्यंत जपून ठेवा. नौपाडा किंवा विष्णुनगर भागातलं कोणी मे-जूनमध्ये निघत असेल आणि ए-२ फॉर्म समजून घ्यायचा असेल, तर संध्याकाळी सहानंतर मला मेसेज करा. येताना दोघंही या.