शिवेवरचं वावर

दीर्घिकांवरचा एक लेख वाचला. त्यात म्हटलंय, सर्पिल दीर्घिकेच्या (आपल्या आकाशगंगेसारख्या, चक्राकार ताऱ्यांच्या समूहाच्या) मध्याकडे जड मूलद्रव्यं (हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड) जास्त, काठाकडे कमी. आमच्या गावालगतच्या वावरात दरसाल शेणखत पडते, शिवेवरच्या वावरापर्यंत बंडी क्वचितच जाते, तसंच हे. मध्याकडे तारे लवकर आणि भराभर जन्मले, मेले, त्यांच्या पोटात तयार झालेल्या जड मूलद्रव्यांचं खत वायूत मिसळत गेलं. खगोलशास्त्रज्ञ लिओनार्ड सर्ल यांनी १९७१ मध्येच तेजोमेघांच्या (चमकणाऱ्या वायूच्या ढगांच्या) वर्णपटांवरून मध्याकडून काठाकडे होणारा हा उतार दाखवला होता.

लेखात लोखंड मात्र सुटलं. ऑक्सिजन मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटांतून काही दशलक्ष वर्षांतच बाहेर येतो. लोखंडाचा बराच वाटा श्वेत बटूंच्या (विझलेल्या लहान ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांच्या) स्फोटांतून, फार उशिरा येतो. म्हणून दोघांचं गुणोत्तर पाहून तिथं तारे किती झपाट्यानं जन्मले ते कळते. खरी गंमत इथंच आहे!

(हे कपाशीला पाणी देता देता, रात्रीच्या लायनीत लिहितोय.)