दहा रुपयांची सूट

काल सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मला दहा रुपये सूट मिळाली. मी मागितली नव्हती. त्यामुळे ती सूट नव्हती, दया होती.

मला फक्त साडेतीन एमएमची मोनो पिन हवी होती, हेडफोनच्या वायरीला असते तसली. घरी मामांचा ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ आहे, म्हणजे 1982 साली इंग्लंडात निघालेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या घरगुती काँप्युटरचा पुण्यात जोडलेला भाऊबंद. मेमरी 48 केबी, प्रोग्राम कॅसेटवरून घालायचे. टेपरेकॉर्डरच्या रबरी पट्ट्याचं डांबर झालं, बदललेला पट्टा सोलापूरच्या उन्हाळ्यात सैल पडला. मग मी कॅसेटचं सोंग घेणारी डबीच बनवायला घेतली. आत आर्डुइनो नॅनो नावाचा चिमुकला प्रोग्राम करता येणारा बोर्ड आणि एसडी कार्ड. कार्डावरची फाइल वाचून डबी थेट कॅसेटसारखी किंचाळते. शून्याला आखूड लहर, एकाला बरोबर दुप्पट लांब. स्पेक्ट्रम बिचारा फसतो.

“मोनो आता कोण नेतंय?” म्हणत दुकानदार खोके उपसायला लागला. शेजारी पंख्याचा कपॅसिटर घ्यायला आलेले एक काका होते.

“काय बनवायलाव?”

मी सांगितलं. इथंच चुकलं.

“म्हंजे कॅसेट नाही, पण कॅसेटचा आवाज येतो?”

“हो.”

“गाणं?”

“नाही. नुसतं कीऽऽ आणि मग खरखर.”

“किती वेळ?”

“पाचेक मिनिटं. तोवर पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे नाचतात. मग गेम सुरू होतो.”

“तोच गेम मोबाइलवर?”

“लगेच.”

काकांनी दुकानदाराकडं बघितलं. दुकानदारानं खोक्यात बघितलं.

पण काका निघाले अक्कलकोट रोडच्या कारखान्यातले, जन्म जॅकार्ड मागावर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, गेलेला. मला एकदम हुरूप आला. चादरीवरचा मोर पूर्वी पुठ्ठ्याच्या कार्डात साठवलेला असायचा. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक आडवा धागा. भोक असलं की ताण्याचा उभा धागा वर, नसलं की खाली. शून्य आणि एकच की! स्पेक्ट्रमच्या कितीतरी आधीपासून सोलापूर हे वापरत होतं, आणि मला इथं पिन मिळत नाही.

“पुठ्ठे गेले आता,” काका म्हणाले. “मालकानं इलेक्ट्रॉनिक लावलं. पेनड्राइव्ह खुपसायचा.”

“तेच तर! पुठ्ठ्याच्या जागी पेनड्राइव्ह, कॅसेटच्या जागी माझी डबी. माग तोच, काँप्युटर तोच.”

काकांनी विचार केला. खरोखर केला.

“पण आमच्यात शेवटी चादर निघती ओ.”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. रात्री दोनला कुशीवर वळूनसुद्धा सुचलं नाही.

मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “घरी कोण कोण असतं?”

त्यावर दुकानदारानं साठ रुपयांच्या तीन पिना पन्नासला दिल्या. “असू द्या,” म्हणाला.

जुनी बुलेट दुरुस्त करून सात रस्ता चौकात फटफट करत फिरणाऱ्याला घरी कोण असतं म्हणून कुणी विचारत नाही. तिच्यासोबत लोक फोटो काढतात. ती स्कूटीपेक्षा लवकर पोचते का, हा हिशेब कुणी मांडत नाही. हिशेब फक्त माझ्या पाच मिनिटांचा. मीही कुणाचं काही खात नाही, धूर तर मुळीच काढत नाही.

घरी येऊन पिन डकवली. पट्टे नाचले, बायकोनं आतून दार लावून घेतलं, आणि चौथ्या मिनिटाला पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’. टेप नाहीच, तरी एरर टेपचीच. आवाज कमी पडत होता. एलएम 386 ची छोटी ॲम्प्लिफायर आयसी लागणार होती.

आज मुद्दाम दुपारी तीनला गेलो. या उन्हात काका नक्की नसणार. नव्हतेच. आयसी मागितली, कशाला ते सांगितलं नाही, पाकीट काढलं.

दुकानदारानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि न विचारताच दहा रुपये सोडले.