‘कट्’ आवाज आला म्हणजे मणका बसला?

“मेडिकलच्या पोरांना कायरोप्रॅक्टिकविरुद्ध पढवून ठेवतात, अमेरिकेच्या कोर्टातही हे सिद्ध झालंय. सरकलेला मणका एका झटक्यात बसतो, चक्कर थांबते, गादी आत जाते.” कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे हातांनी झटका देऊन मणके ‘बसवण्याच्या’ उपचाराचा, हा फॉरवर्ड वाचून घरातली मोठी माणसं मान मोडून घ्यायला निघाली, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

कोर्टाचं अर्धं खरं आहे, मान्य. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणं अनैतिक ठरवलं होतं आणि १९८७ साली विल्क या कायरोप्रॅक्टरने लढवलेल्या खटल्यात तो बहिष्कार बेकायदा ठरला. पण खटला मक्तेदारीविरोधी कायद्याखालचा होता. उपचार शास्त्रीय असल्याचा शिक्का न्यायाधीशांनी मारलेला नाही. विद्यार्थ्याला शंका येते ती पहिल्या वर्षी, मृतदेह उघडून शिकवतात त्या डिसेक्शन हॉलमध्ये, मणके आणि त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या पाहून.

‘कट्’ आवाज हाड बसल्याचा नसतो. सांधा ताणला की आतल्या द्रवाचा दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये बोटांच्या सांध्यांवर हे एमआरआयमध्ये दिसलं. म्हणूनच साधारण वीस मिनिटं तोच सांधा पुन्हा वाजत नाही. आणि मणका एक्स-रेमध्ये खरोखर सरकलेला दिसत असेल, तर तिथे झटका देण्याचा विचारही करू नये.

चक्करेचा दावा मात्र संतापजनक आहे. मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या छिद्रांमधून मेंदूकडे जाणारी धमनी पहिल्या मणक्याशी तीव्र वळण घेते. जोरात पीळ बसला तर तिचं आतलं अस्तर फाटू शकतं. तिथे गुठळी होते आणि लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. याचं एक लक्षण चक्करच! अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये म्हटलं की संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध नाही, कारण धमनी आधीच फाटल्यामुळे मान दुखते म्हणून जाणारेही असतात. तरी धोका पेशंटला आधी सांगावा, असंही त्यात आहे. फॉरवर्डमध्ये तेवढं गाळलंय.

कंबरेचं म्हणाल तर जुन्या दुखण्यात असा उपचार व्यायामासारख्या शिफारस केलेल्या इतर उपायांइतपत उपयोगी पडतो. एका बैठकीत गादी आत जाण्याच्या गोष्टी विसरा.

मान मोडल्यावर काही तासांत, कधी काही दिवसांनीही, पूर्वी कधी नव्हतं असं डोकं किंवा मान दुखू लागली, एकाचं दोन दिसलं, बोबडी वळली, चालताना तोल गेला, तर पुन्हा त्याच टेबलावर झोपू नका. सीटी स्कॅन आणि स्ट्रोकच्या उपचारांची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यायचं असेल तर सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तरी त्याच दिवशी हॉस्पिटल.