तेलाची फडकी खोक्यात कोंबून ठेवा म्हणे!

"एका सुट्टीत लाकडी फ्लोअरिंग नव्यासारखं, घासणं नाही, कारागीर नाही" असा एक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी इतके दिवस सोडून देत होतो, पण काल तो आत्याकडून आला, खाली तिचं वाक्य, "जवसाचं तेल आणून ठेवलंय, रविवारी करायला घेते." आत्या एकदा म्हणाली की करतेच, म्हणून हे घाईत लिहितोय.

मेसेजमधला शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्यांनी फार तर लाकूड खराब होईल, याने घर पेटेल. तिथे लिहिलंय: "तेल पुसलेली फडकी टाकू नका, बोळा करून खोक्यात ठेवा, पुढच्या वेळी कामी येतील. तेल नैसर्गिक आहे, धोका काहीच नाही."

धोका काहीच नाही?? जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही हो. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. फळीवर पातळ पसरलेलं असतं तेव्हा ती उष्णता निघून जाते, कळतसुद्धा नाही. पण फडक्याच्या बोळ्यात तेल धाग्याधाग्यावर पसरलेलं, आत हवा खेळतेय आणि उष्णतेला बाहेर पडायला जागा नाही, मग बोळा तापतो, तापला की प्रक्रिया अजून वेगात, आणि काही तासांत तो आपोआप पेटू शकतो, काडी नको की ठिणगी नको. 'बॉइल्ड' म्हणून मिळणाऱ्या तेलात तर लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, ते आणखी भराभर तापतं.

ही घाबरवायची गोष्ट वाटत असेल तर अमेरिकेत फिलाडेल्फियाला 'वन मेरिडियन प्लाझा' नावाची ३८ मजली इमारत होती ते वाचा. २३ फेब्रुवारी १९९१, शनिवार. २२व्या मजल्यावर लाकडी पॅनेलिंगचं काम चालू होतं, कामगार जवसाच्या तेलाची फडकी तिथेच ठेवून गेले होते. रात्री आग लागली, साधारण १९ तास जळत राहिली, अग्निशमन दलाचे ३ जवान गेले. ती थांबली ३०व्या मजल्यावर, आणि तीही का, तर तिथे स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ, बसवलेले होते म्हणून. इमारत पुन्हा वापरात आलीच नाही, शेवटी पाडली. तिथल्या सरकारी अग्निशमन विभागाचा अहवाल आहे यावर, कारण म्हणून सरळ तीच फडकी लिहिलीत. आत्या, तू वाचतेयस ना?

करायचं एवढंच, फडकी घराबाहेर एकेक सुटी पसरून वाळू द्यायची, कडक झाली की मग टाकायची. नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण घट्ट लावायचं. स्टेन, म्हणजे लाकडात मुरून रंग देणारं पातळ द्रावण, तेलाचा असेल तर त्याच्या फडक्यांनाही हेच.

आता बाकीचं. "जुन्या पॉलिशवरच स्टेन लावा, घासायची गरज नाही." स्टेन लाकडात मुरावा लागतो, जुना थर त्याला आत जाऊच देत नाही. पाण्याचे दोन थेंब टाकून बघा, वर मोत्यासारखे उभे राहिले तर थर शाबूत आहे. हां, एक मान्य करतो, नाइलाजाने: रंग बदलायचा नसेल, थर कुठे उडालेला नसेल आणि नुसता सीलरचा, म्हणजे वरच्या पारदर्शक संरक्षक थराचा, नवा हात द्यायचा असेल तर लाकूड उघडं करावं लागत नाही, वरवर बारीक पॉलिश पेपर मारून धूळ पुसली, खाली मेणाचं पॉलिश नाही याची खात्री केली की झालं. पण मेसेजवाल्याला ते म्हणायचं नव्हतं, तो गडद रंग करायला सांगतोय.

"स्टेन रात्रभर तसाच ठेवा, रंग गडद येईल." गडद नाही, चिकट येईल. जेवढा मुरायचा तेवढा काही मिनिटांतच मुरतो, डब्यावर पुसायची वेळ लिहिलेली असते ती वाचा. वर साचलेल्या स्टेनवर पीयू (पॉलियुरेथेन, असाच एक पारदर्शक सीलर) मारलं की धड धरत नाही आणि पोपडे निघतात. जास्त गडद हवा तर पहिला हात पुसून नीट वाळल्यावर दुसरा द्या, किंवा शेवटचा पेपर थोडा खरखरीत वापरा, म्हणजे १२०पर्यंत न जाता ८० किंवा १०० नंबरला थांबा (नंबर कमी तेवढा पेपर खरखरीत). आणि आधी कोपऱ्यात छोटा तुकडा लावून बघा, डब्यावरचा रंग प्रत्येक लाकडावर वेगळाच दिसतो.

"पीयूचा एकच जाड हात द्या, वेळ वाचतो." वर साय धरते, आत ओलं राहतं, बुडबुडे वेगळेच. पातळ २-३ हात द्या.

"दुसऱ्या दिवशी गालिचा घाला." मोजे घालून चाला हवं तर, पण गालिचा काही आठवडे नको, पूर्ण कडक व्हायला तेवढा वेळ लागतो.

आणि हे कुठलंही करायच्या आधी खाली खरं लाकूड आहे का ते बघा. लॅमिनेट असेल तर वरचं लाकूड म्हणजे छापलेलं चित्र असतं, त्यात स्टेन मुरायला काही नाहीच, आणि पेपर मारलात तर चित्रच पुसून जाईल.