'करदाता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

करदाता महोदय,

खरं नाव लिहिलं नाहीत, म्हणून हेच म्हणतो.

आपल्या गावात घरपट्टीच्या नव्या आकारणीच्या नोटिसा आल्या, त्यावर मी 'वाढ योग्यच आहे' असा लेख लिहिला. तुम्ही रात्री पावणेबाराला त्याखाली भलीमोठी प्रतिक्रिया टाकलीत. मी ती तीनदा वाचली. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा बायको म्हणाली, ठेवा तो मोबाईल. तेव्हा उत्तर द्यायचं ठरवलं.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी. फेरआकारणी 'दर पाच वर्षांनी' होते असं मी लिहिलं होतं. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे ती चार वर्षांनी करायची असते, म्हणूनच तिला चतुर्थ वार्षिक म्हणतात. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. आभार. पण एवढं सांगायला 'आधी कायदा वाच' असं एकेरीवर यायची काय गरज होती? आपली ओळख नाही. (तुम्ही कोण, हे मला साधारण कळलंय. पण असो.)

आता ते वाक्य. 'पालिका सगळी सरकारी अनुदानावर चालते, घरपट्टी म्हणजे शुद्ध लूट आहे, आणि पुण्यात फ्लॅटमध्ये बसून लेख पाडणाऱ्यांना हे कळत नाही.'

पुण्याचं आधी घेतो, कारण ते लागलं. हो, नोकरीमुळे पुण्यात आहे. पण गावातला वाडा अजून आईच्या नावावर आहे आणि त्याची घरपट्टी मीच भरतो, दरवर्षी, शास्ती लागायच्या आत. माझे वडील याच नगरपरिषदेत जकात (गावात येणाऱ्या मालावरचा कर) कारकून होते. आठवीत असताना त्यांचा डबा घेऊन सायकलवर नाक्यावर जायचो. आडवा बांबू, कापसाच्या गाड्यांची रांग, बिल्टीवरचा (मालासोबतच्या पावतीवरचा) आकडा आणि ट्रकमधला माल यांवरून चाललेली हुज्जत. पावतीपुस्तकाचा कार्बन वडिलांच्या बोटांना कायम लागलेला असायचा. सकाळी रोकड मोजायची आणि भरणा करायचा. रोजच्या रोज. गाव कशावर चालतं ते मी तिथे बसून पाहिलंय, फ्लॅटमध्ये बसून नाही.

१९९९ च्या मे महिन्यात नगरपरिषदांची जकात बंद झाली. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले. वडिलांची बदली कर विभागात झाली आणि पन्नाशीच्या आसपास ते हातात मागणी बिलं घेऊन दारोदार फिरू लागले. जकातीच्या बदल्यात राज्य सरकारनं सहायक अनुदान सुरू केलं. तुम्ही म्हणता ते अनुदान बहुतेक हेच. ते मुख्यत्वे पगारात जातं. शिवाय जकात वसूल करणं गावाच्या हातात होतं, अनुदान कधी आणि किती सुटणार हे मुंबईत ठरतं. ते लांबलं की सफाई कामगारांचा पगार लांबतो आणि तुमच्या गल्लीतला कचरा तसाच राहतो. मग तुम्ही मुख्याधिकाऱ्यांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवता.

दुसरं अनुदान केंद्राच्या वित्त आयोगाचं. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी आपल्यासारख्या शहरांना दिलेल्या पैशातला ६० टक्के हिस्सा पाणी, स्वच्छता, घनकचरा यांनाच बांधून टाकला. उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार आणि आस्थापनेवर खर्च करायला बंदी होती. आणि महत्त्वाचं म्हणजे हे अनुदान मिळवायचं तर राज्यानं मालमत्ता कराचे, म्हणजे घरपट्टीचे, किमान दर जाहीर केले पाहिजेत आणि राज्याचं सकल उत्पन्न ज्या वेगानं वाढतं त्याच्या बरोबरीनं घरपट्टीची वसुली वाढली पाहिजे, ही अट होती. म्हणजे ज्या अनुदानाच्या जोरावर तुम्ही घरपट्टीला लूट म्हणता, ते मिळायला आधी घरपट्टीचीच वसुली वाढवावी लागत होती. हे लेखात होतं. तिसरा परिच्छेद. वाचला असतात तर.

वर, एखादी योजना मंजूर झाली तरी पालिकेचा स्वहिस्सा घालावा लागतो. तो कशातून घालायचा? पाणी उपसायच्या पंपांचं वीजबिल, रस्त्यावरचे दिवे, टँकरचं डिझेल? हाती काय उरतं, तर घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचं भाडं. त्यातही तुमच्या बिलातला शिक्षण कर पालिकेचा नाहीच, तो गोळा करून सरकारला भरायचा असतो. तरी दर फेब्रुवारीत शिल्लकी अर्थसंकल्प मांडतात. वडील म्हणायचे, कागदावरची शिल्लक म्हणजे न झालेली वसुली.

'लूट' किती, तेही बघू. समजा तुमच्या घराचं वार्षिक भाडेमूल्य (घर भाड्यानं दिलं तर वर्षाला मिळेल ते भाडं, त्यावरच कर ठरतो) १२,००० रुपये धरलं. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून राहिले १०,८००. त्यावर सगळे कर मिळून २५ टक्के लागले तर २,७०० रुपये. वर्षाचे! महिन्याला सव्वादोनशे. बाजारपेठेत आज महिना हजार रुपयांत कोण घर देतं? दिलं तर मला कळवा, मीच भाड्यानं घेतो.

बाकी तुमचे मुद्दे: बायपासवरच्या मंगल कार्यालयांची नोंद अजून मोकळी जागा म्हणून आहे, बड्यांची थकबाकी तशीच आहे आणि नियमानं भरणाऱ्यावरच बोजा वाढतो, गटाराचं टेंडर वगैरे. असेल. हे सगळीकडेच असतं, आणि माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. तोवर, वाढ चुकीची वाटत असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत द्या आणि सुनावणीला जा. माझ्या ब्लॉगवर दिलेली हरकत कर निरीक्षक वाचत नाहीत.

तुमची प्रतिक्रिया वडिलांना फोनवर वाचून दाखवली. आता ऐकायला कमी येतं, दोनदा वाचावी लागली. ते एवढंच म्हणाले, "मंगल कार्यालयांचं खरंय त्याचं." मग थोडं थांबून, "त्यानं यंदाची भरलीय का विचार."

तर विचारतो. भरलीत का?

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. फक्त शेवटच्या ओळीतला तो एक शब्द काढला आहे, कारण आई हा ब्लॉग वाचते.